दोन बोटं कापड

दवाखान्यानं दिलेली यादी एकाच कागदावर होती. मधोमध एक रेघ. वर ‘आईसाठी’, खाली ‘बाळासाठी’. मी तो कागद बरोबर रेघेवर दुमडला, घडीवरून नख फिरवलं आणि वरचा अर्धाच भाग दिसेल असा नवऱ्याच्या हातात दिला.

“वाच,” मी म्हणाले.

शनिवारची सकाळ होती. सोमवारी आठ वाजता मला दाखल व्हायचं होतं. अडतीस आठवडे झाले होते आणि या वेळी आमच्या डॉक्टरबाई आणखी वाट बघायला तयार नव्हत्या. पलंगावर निळी बॅग उघडी होती. तिला दोन कप्पे होते. एकात मी सामान लावायला घेतलं होतं, दुसऱ्याची चेन बंद होती.

“गाउन, पुढून उघडणारे, तीन,” नवऱ्यानं वाचलं. तो बस आगारात गाड्यांच्या वेळा सांभाळतो. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारून त्याचा आवाज असा झालाय की घरात वाण्याची यादी वाचली तरी कुणीतरी पिशवी उचलून फलाटाकडे पळेल असं वाटतं.

मी गाउनांवर हात ठेवला. “तीन. आहेत.”

“टॉवेल, दोन.”

“दोन. आहेत.”

“चपला, न घसरणाऱ्या, एक जोड.”

“एक जोड. आहे.”

तो वाकून बघू लागला. “या माझ्या आहेत.”

“माझ्यात आता माझे पाय मावत नाहीत. पुढचं वाच.”

मी रक्तपेढीत काम करते. तिथं रक्ताची पिशवी बाहेर देताना एकानं कागदावरचा क्रमांक मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं पिशवीवर बोट ठेवून तोच क्रमांक परत म्हणायचा, अशी पद्धत आहे. नुसती मान हलवून चालत नाही. चौदा वर्षं हेच करत आल्यामुळे मला घरातही कुणी ‘हो हो, घेतलंय’ म्हटलं की ते घेतलेलं नाही असंच वाटतं. त्या दिवशी प्रत्येक गोष्ट मी वेगळ्या पारदर्शक पिशवीत घातली होती आणि प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी होती: वस्तू, संख्या, तारीख.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली ओढला.

“बाळंतपणाला चाललीस का माल रवाना करतेयस?”

“आई, चिठ्ठी असली की अंधारातही हाताला सापडतं.”

“अंधारात चिठ्ठी वाचणार कोण? मग माझ्याही पाठीवर एक डकव. सासू, एक नग, वापरलेली.”

“तारीख काय घालू?” नवऱ्यानं विचारलं.

“गप रे टिल्ल्या.”

टिल्लू सहा फूट उंच आहे. जन्मला तेव्हा दोन किलोसुद्धा नव्हता, म्हणून ते नाव पडलं आणि राहिलं. आगारातले लोक त्याला साहेब म्हणतात, आणि सासूबाई कधी डबा द्यायला गेल्या तर सगळ्यांसमोर टिल्ल्या म्हणून हाक मारतात.

वरची यादी संपत आली तेव्हा त्यानं कागद उलटला. “खालीही आहे की.”

“ते राहू दे.”

“राहू दे म्हणजे? बाळाचे कपडे, दुपटी, टोपरं...”

“ते नंतर. बाळ झाल्यावर तू घरी येऊन ने.”

त्याच्या डोक्यात लगेच वेळपत्रक सुरू झालं. “जायला पस्तीस मिनिटं, यायला पस्तीस. सकाळची गर्दी असली तर वर वीस. शिवाय घरात काय आहे न्यायला? एक झबलं नाही आपल्याकडे. म्हणजे आधी दुकान. दोन तास धर. दोन तास ते काय घालून राहणार?”

“दवाखान्याची चादर असते,” मी म्हणाले.

हे वाक्य मी ठरवून म्हटलं नव्हतं. पण तोंडातून गेल्यावर ते परतही घेतलं नाही. सासूबाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला.

“दूध घेऊन येते,” त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन खाली गेल्या. दूध सकाळीच आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, सातव्या महिन्यात, मी सासूबाईंना चार झबली शिवायला सांगितली होती. त्या शिंपीण. तीस वर्षं शाळांचे गणवेश शिवत होत्या. अर्ध्या वस्तीतली मुलं त्यांच्या हातच्या कपड्यांत मोठी झाली, आणि त्यांच्याकडे आया यायच्या त्या एका गोष्टीसाठी: त्या प्रत्येक कपड्यात आतून दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवायच्या. पोरगं वाढलं की शिवण उसवायची, कपडा आणखी एक वर्ष चालायचा. ‘पोराच्या मापानं शिवेल तो शिंपी कसला, पोर होणार त्या मापानं शिवलं पाहिजे,’ असं त्या म्हणायच्या.

तेव्हा शाळा उघडायच्या होत्या आणि घरात मापांच्या वह्या आणि कापडांचे ढीग होते. “आठवा सरू दे,” त्या म्हणाल्या होत्या. “चार झबली म्हणजे माझ्या हातचा मळ आहे. एका दुपारचं काम.”

मीही घाई केली नाही. रक्तपेढीत आम्हांला पहिल्या दिवशी शिकवतात: रिकाम्या नळीवर आधी चिठ्ठी लावायची नाही. नमुना हातात आला, की मगच नाव लिहायचं. आधी लिहून ठेवलेल्या नळ्यांमुळे एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. मला वाटलं, चांगला नियम आहे, सगळीकडे चालेल.

चौतिसाव्या आठवड्यात, एका कामाच्या दिवशी, दुपारी जेवायला बसले तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून आत काही हललं नाही. किती वाजल्यापासून, ते मला आजही सांगता येत नाही. त्या दिवशी रक्तदान शिबिराच्या पिशव्या आल्या होत्या आणि मी क्रमांक वाचत होते. सोनोग्राफी करणारी बाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग तिनं पडदा तिच्याकडे वळवून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी झाली. एक हजार नऊशे दहा ग्रॅम. नर्सनं विचारलं, “बाळाचे कपडे आणलेत का?” मी नाही म्हटलं. तिनं दवाखान्याच्या हिरव्या चादरीत गुंडाळून तिला माझ्याकडे दिलं. चादरीवर धुलाई विभागाचा शिक्का होता, बरोबर तिच्या हनुवटीखाली. समोर घड्याळ होतं. अकरा मिनिटांनी त्यांनी तिला नेलं. पुढचं सगळं नवऱ्यानं आणि सासूबाईंनी केलं. मी वॉर्डातच होते.

त्यानंतर सासूबाईंनी कामं घ्यायचं बंद केलं. विचारणाऱ्यांना सांगायच्या, डोळे गेले. मशीनवर त्यांनी जुना पडदा टाकला, त्यावर घडी केलेले कपडे साठू लागले. मी कधी काही बोलले नाही. पण शिंपिणीची नात दवाखान्याच्या चादरीत गेली, हे मी दोन वर्षांत एक दिवसही विसरले नव्हते. त्यांनाही ते ठाऊक असणार. आम्ही एकमेकींशी नीट वागत होतो. भाजी काय करायची, गॅस कधी आणायचा, पाणी आलं का, एवढं बोलणं दिवसाला पुरत होतं.

“तू आईसमोर तसं म्हणायला नको होतंस,” नवरा म्हणाला.

“मी खोटं बोलले का?”

आवाज खाली आणून त्यानं वरच्या भागातली शेवटची ओळ वाचली. “जुनं, मऊ, सुती कापड. धुतलेलं. तीन तुकडे.”

ते माझ्यासाठी होतं, दूध पाजताना लागणारं. आमच्या कपाटात तसं काही नव्हतं. सासूबाईंच्या शिवणाच्या ट्रंकेत नक्की असणार होतं. त्या कुठलंही कापड टाकत नसत. मी भिंतीला धरून त्यांच्या खोलीत गेले आणि खुर्ची ओढून ट्रंकेसमोर बसले.

“थांब,” नवरा मागोमाग आला. “आई आली की काढेल ती. तू वाकू नकोस.”

“मी वाकत नाही, बसलेय.”

“ट्रंक राहू दे ना. मी दुकानातून आणतो.”

“दुकानात जुनं कापड मिळतं?”

तो दारातच उभा राहिला. मी झाकण उघडलं. वर अस्तरांचे तुकडे, गुंडाळलेल्या नाड्या, डब्यात बटणं. त्याखाली गणवेशांचं निळं आणि खाकी कापड. आणि अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सासूबाईंची निळ्या चौकटींची ओढणी.

ती मला माहीत होती. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा ती जुनीच होती. धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. सासूबाई ती रोज घेत. मग कधीतरी ती दिसेनाशी झाली. विरली असेल, असं मी धरलं होतं. आता मला दिसलं की ती कधी दिसेनाशी झाली ते मी नोंदवलंच नव्हतं.

मी ती मांडीवर उलगडली. तिच्या बरोबर मध्यभागी एक भोक होतं.

फाटलेलं नव्हतं. कापलेलं होतं. कडा किंचित करवती होत्या, कात्री कापडाची नसावी तशा. एक मोठा आयत, आणि त्याच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेले दोन छोटे आयत. मी ओढणी धरून बघत राहिले. मग एक जुनी घडी हाताला लागली. त्या घडीवर मी ओढणी दुमडली, आणि भोकाचा आकार एकदम ओळखता आला. खांदे. दोन बाह्या. अंग. गळ्यासाठी कापून काढलेली छोटी चकतीही तिथंच होती, कडेला एका टाक्यानं अडकवलेली.

ट्रंकेच्या कोपऱ्यात टेप होती. मी मोजलं. अंगाची रुंदी सतरा सेंटिमीटर. लांबी एकवीस. एका बाहीच्या टोकापासून दुसऱ्या बाहीच्या टोकापर्यंत चौतीस. मी पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

एक हजार नऊशे दहा ग्रॅमचं मूल त्यात बरोबर मावलं असतं.

“तुला माहीत होतं,” मी नवऱ्याला म्हणाले.

“हो.”

“दोन वर्षं?”

“आई म्हणाली, तिनं विचारलं तरच सांग. तू विचारलंच नाहीस कधी. त्या दिवसाबद्दल काहीच. मला वाटलं, तुला नको असेल.”

खाली जिन्यात चपलांचा आवाज आला. सासूबाई वर आल्या, खोलीच्या दाराशी येऊन थांबल्या. हातात दुधाची पिशवी. माझ्या मांडीवर काय आहे ते त्यांनी पाहिलं आणि मुलाकडे बघितलं.

“मी नाही दिली,” तो म्हणाला. “तिनंच काढली.”

“मऊ कापड हवं होतं,” मी म्हणाले. “यादीत होतं.”

सासूबाईंनी पिशवी मुलाच्या हातात दिली आणि त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. बराच वेळ त्या गुडघ्यावरून हात फिरवत होत्या.

“तू आत होतीस,” त्या म्हणाल्या. “ती नर्सबाई बाहेर आली. मला म्हणाली, कपडे आहेत का बाळाचे. मी म्हटलं, आहेत. पाच मिनिटं द्या.”

“पण नव्हते.”

“नव्हतेच. पण आयुष्यभर लोकांच्या पोरांना शिवून घातलं, आणि तिथं मी म्हणू, नाहीत?” त्यांनी गळ्याशी हात नेला. तिथं आतल्या बाजूला त्या नेहमी दोरा ओवलेली सुई खोचून ठेवत. मशीन बंद झालं तरी ती सवय गेली नव्हती. “सुई होती. कात्री तिच्याकडे मागितली. ती बँडेज कापायची, टोक वाकलेली. कापड काय नीट कापणार ती. ओढणीचा मधला भाग जास्त मऊ होता, म्हणून मधूनच कापला. बाकावर बसून.”

“पाच मिनिटांत?”

“सत्तेचाळीस,” नवरा म्हणाला.

“गिऱ्हाइकाला पाचच सांगतात,” सासूबाई म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं तसं त्या थबकल्या, आणि मी हसले. हसू आलं, त्यामागोमाग रडूही आलं. कुणीच ते थांबवायला गेलं नाही.

डोळे पुसल्यावर मी विचारलं, “माप कसं घेतलंत?”

“वितेनं. आधी चादरीवरूनच. मग बाहीसाठी हात बाहेर काढला तिचा. एवढासा होता.” त्यांनी स्वतःच्या करंगळीवर बोट टेकवलं. “नखं होती. तुझ्यासारखी, चपटी.”

मला नखं आठवत नव्हती. अकरा मिनिटांत मी चेहरा बघितला होता आणि शिक्का.

“बरोबर बसलं?”

“बसलं. बंद डाव्या अंगाला बांधले. आत कापड ठेवलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा, दोन बोटं न ठेवता शिवलं. तिला काय करायचं होतं ते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तो आवाज थांबेपर्यंत मी ओढणी हातात धरून बसले.

“मला वाटत होतं, ती चादरीतच गेली,” मी म्हणाले.

“नाही गं बाई. चादर मी परत केली. त्यांनी वहीत सही घेतली माझी. चादर, एक, परत मिळाली.”

हे मला त्यांनी सांगितलेल्या सगळ्यापेक्षा जास्त पटलं. कुठल्यातरी वहीत, कुठल्यातरी पानावर ती सही अजून असेल. सांगितलेली गोष्ट आणि नोंदलेली गोष्ट यांत मला फरक वाटतो. कामामुळे असेल.

“मला का नाही सांगितलंत?”

“काय सांगायचं? आधी वेळेवर शिवलं नाही ते नाहीच. आणि वर सांगत सुटायचं, की बघा, शेवटी शिवलंच की. तोंड होतं का मला? तू सांगितलं होतंस. सातव्यात सांगितलं होतंस. मी आठवा सरू दे म्हटलं.”

“मीसुद्धा परत विचारलं नाही, आई. दुकानातूनही आणलं नाही.”

“तू नोकरी करत होतीस.”

“तुम्ही काय खेळत होतात?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नाक ओढून त्या मुलावर खेकसल्या, “आणि हा बघ. दूध धरून उभा राहिलाय पुतळ्यासारखा. नासेल ते. फ्रीजमध्ये ठेव.”

तो गेला. तेवढ्यात आतून एक लाथ बसली, बरगडीखाली, उजव्या बाजूला. रोज दुपारी जेवणानंतर मी हालचाली मोजते, कागदावर उभ्या रेघा मारून. ही यादीबाहेरची होती. मी तरीही मनात एक रेघ मारली.

नवरा परत आला तेव्हा मी म्हणाले, “यादी आण. खालचं वाच.”

त्यानं कागद उलगडला. घडीचा ठसा तसाच राहिला होता. त्याचा आवाज माइकवरचा नव्हता आता. “झबली, चार.”

“नाहीत,” मी म्हणाले.

पद्धतीप्रमाणे हेही उत्तर आहे. ‘नाही’ म्हटलं की ते लिहायचं आणि मिळवायचं. मी सकाळपासून ‘राहू दे’ म्हणत होते, आणि ‘राहू दे’ असं उत्तर आमच्याकडे चालत नाही.

“तीन दुकानातून आण,” मी त्याला म्हणाले. मग सासूबाईंकडे वळले. “एक तुम्ही शिवा.”

“माझे डोळे...”

“मघाशी दारातून माझी चिठ्ठी वाचलीत तुम्ही.”

मी ओढणी पुढे केली. “यातलंच.”

“वेडी आहेस का? यातलं नको. नवीन आणू. याच्यातलं कसं घालायचं गं त्या जिवाला?”

“का? कापड आहे. धुतलेलं आहे, जुनं आहे, सुती आहे. यादीत अगदी असंच लिहिलंय.” मला आणखी काही म्हणायचं होतं, ते जमलं नाही. “तिच्या ओढणीतलं आहे. दोघींचं... दोघांचं, काय असेल ते. एकाच ओढणीतलं असू दे.”

सासूबाईंनी ओढणी हातात घेतली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून कापड तपासलं, जसं शिंपी तपासतात, चोळून. दोन्ही बाजूंना बरंच कापड शिल्लक होतं.

“माप?” त्या म्हणाल्या. “मापाशिवाय मी कापत नाही. अंग समोर असल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे मला माझ्या उस्तादानं सांगितलंय. तेव्हाही खरं म्हणजे तेच मनात होतं. पोर दिसू दे, मग शिवू.”

म्हणजे त्यांचाही तोच नियम होता. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं.

“माप आहे,” मी म्हणाले.

मी फाईल आणली. परवाचा सोनोग्राफीचा अहवाल काढला आणि त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला, ट्रंकेतली मापांची वही काढली, कोरं पान उघडलं.

“सांग.”

“डोक्याचा घेर तेहेतीस सेंटिमीटर.”

“इंचात बोल.”

“तेरा.”

“तेरा,” त्यांनी लिहिलं. “म्हणजे गळा पुढून उघडा. पोट?”

“सव्वातेरा.”

“पोटानं बापावर गेलंय. बाही?”

“हाताचं माप नाही दिलेलं. मांडीचं हाड आहे. सात पूर्णांक दोन. पावणेतीन इंच.”

“मांडीवरून बाही?” त्या अहवालाकडे संशयानं बघत राहिल्या. “कसले शिंपी हे. असो. धरते अंदाजानं. वजन?”

“दोन हजार नऊशे. दोनशे इकडं-तिकडं.”

“या टिल्ल्यापेक्षा किलोभर जास्त,” त्या म्हणाल्या. पेन्सिल क्षणभर पानावरच थांबली. वहीत वरच्या बाजूला त्या गिऱ्हाइकाचं नाव लिहीत. ती जागा त्यांनी मोकळी ठेवली.

मशीनवरचे कपडे नवऱ्यानं उचलले, पडदा काढला. पट्टा सैल झाला होता. त्यांनी तो काढून, आखूड करून पुन्हा चढवला. तेलाचे चार थेंब घातले आणि रिकामंच चालवलं. पहिल्यांदा करकरलं, मग आवाज सुरळीत झाला. या आवाजात मी या घरात आले होते आणि दोन वर्षं तो नाही याचं मला काहीच वाटलं नव्हतं, असं मी समजत होते.

कापड त्यांनी घडीवर घडी घालून टेबलावर पसरलं, खडूनं आखलं. त्यांची स्वतःची कात्री एकाच चालीत फिरली. कडा सरळ आल्या. मी शेजारी खुर्चीवर बसून बंद कातरून देत होते. खांदे झाले, बाजू झाल्या. खालची कड दुमडायला घेतली तेव्हा त्या थांबल्या. डाव्या हाताची दोन बोटं त्यांनी कापडावर आडवी ठेवली, बघितली, आणि तेवढं कापड आत घेतलं. मग झबलं मशीनवरून उचललं, गळ्याशी खोचलेली सुई काढली आणि ती कड हातानंच लांब, कच्च्या टाक्यांनी घातली.

“हे मशीननं का नाही?” मी विचारलं.

“पुढच्या महिन्यात आखूड होईल. पक्कं घातलं की उसवताना कापड फाटतं. असा एक धागा ओढायचा, की सगळं सुटतं. तूच उसवायचंस, बघून ठेव.”

मी बघून ठेवलं. कोणता धागा, कुठल्या टोकाचा.

दुपारी नवरा दुकानातून तीन झबली आणि बाकीचं सामान घेऊन आला. बॅगेच्या दुसऱ्या कप्प्याची चेन मी उघडली. त्यानं यादी धरली.

“झबली, चार.”

मी एकेकावर हात ठेवला. दुकानातली तीन कडक होती, कांजी केलेली. चौथं हाताला लागलंसुद्धा नाही इतकं मऊ होतं, फक्त खालच्या कडेला बोटांखाली जाडसर पट्टी जाणवत होती.

“चार. आहेत.”

सासूबाई पलंगाच्या कडेवर बसून हे बघत होत्या. प्रत्येक वस्तू पिशवीत गेली, प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लागली. निळ्या चौकटींच्या झबल्याची पिशवी मी तशीच कप्प्यात ठेवली.

“आणि याला चिठ्ठी?” त्यांनी विचारलं. “तेवढं एकच बिननावाचं ठेवलंस.”

“सोमवारी लिहीन,” मी म्हणाले. “पेनही घेतलंय. ते कुठल्या पिशवीत आहे बघ रे.”

नवऱ्यानं चिठ्ठ्या वाचत वाचत पेन शोधलं. “पेन,” त्यानं वाचलं. “नग, एक.”

“एक,” मी म्हणाले, आणि त्यावर हात ठेवला. “आहे.”